शेजारी दोघीजणी राहायला आल्या, तर?

खोपट म्हटले की शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या माणसाला पहिल्यांदा एसटीचा डेपो आठवतो. कलेक्टर कचेरी, कोर्टाची तारीख, सिव्हिल हॉस्पिटल किंवा पोरीचे कॉलेज, काम कोणतेही असो, पुष्कळांचा ठाण्यातला पहिला पाय खोपटलाच पडतो. आपल्या गावच्या कितीतरी मुली नोकरीसाठी याच भागात खोली घेऊन राहतात. दोघींनी मिळून खोली घेतली तर कुणाला वावगे वाटत नाही. भाडे वाटले जाते, सोबत होते.

पण वाचकहो, अशा दोघींपैकी काहीजणी नुसत्या मैत्रिणी नसतात. नवरा-बायकोने एकमेकांना धरून राहावे तशा त्या एकमेकींना धरून राहतात. यांना समलिंगी जोडपे म्हणतात. आमचा प्रश्न साधा आहे. अशा दोघी आपल्या आळीत राहायला आल्या, तर त्यांना ओळखीपाळखी, चार मैत्रिणी मिळतील का?

आज तरी अवघड आहे. आपल्याकडे मैत्री होते ती घरच्या बोलण्यातून. मालक काय करतात, सासर कुठले, पोरे किती, हे विचारल्याशिवाय चहाचा कप पुढे येत नाही. मग त्या काय सांगतात? मावसबहिणी आहोत, किंवा एका कंपनीत कामाला आहोत. एकदा असे सांगितले की पुढे प्रत्येक शब्द तोलून बोलावा लागतो. खरे सांगावे तर खोली जाईल ही धास्ती, आणि पुढच्या एसटीने बातमी गावात पोहोचेल ही दुसरी. त्यापेक्षा दार लावून बसलेले बरे, असे त्या ठरवतात. आणि आपण म्हणतो, ‘शिष्ट आहेत हो, कुणात मिसळत नाहीत!’ दार त्यांनी का लावले, हे मात्र कुणी विचारीत नाही.

काही वाचक म्हणतील, हे मुंबईचे, परदेशाचे फॅड आहे, आपल्या मातीतले नव्हे. तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले ते १९८१ साली. त्यातली नायिका अशीच आहे, आणि तिचा शेवट एकटेपणात, आत्महत्येने होतो. म्हणजे ही माणसे मराठी घरांत तेव्हाही होती, फक्त त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हते. २०२१च्या अखेरीस नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी उघडपणे एकमेकींना अंगठ्या घातल्या. चाळीस वर्षांत एवढा फरक पडला, तो जवळची माणसे पाठीशी उभी राहिली म्हणून.

हा आजार आहे, डॉक्टरला दाखवा, असेही काहीजण सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली. ती बदलण्याचे ‘उपचार’ करणे ही डॉक्टरची गैरवर्तणूक आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये बजावले आहे. तेव्हा पोरीला घेऊन भगताकडे किंवा दवाखान्याच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही. पैसा जाईल आणि पोरगीही दुरावेल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण गावात भांडण झाले की ते पोलीस पाटील, तलाठी आणि ग्रामपंचायतीच्या दारी येते. सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. अशा लग्नाला मान्यता देण्यास मात्र त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. लग्न नाही, पण बाकीची दारे थोडी उघडली आहेत. अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले समजावे, असे केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवले. बँकेत जोडखाते उघडायला आणि एकमेकींचे नाव नॉमिनी म्हणून लावायला आडकाठी नाही, हेही केंद्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. उद्या कुणी दोघी असा अर्ज घेऊन आल्या, तर ‘असे कुठे असते का?’ म्हणून हसून त्यांना परत पाठवू नका. अठरा वर्षे पुरी झालेली मुलगी स्वखुशीने मैत्रिणीकडे राहायला गेली असेल, तर तिला ओढून आणणे हे पोलीस पाटलाचे काम नव्हे. आई-बापांची समजूत घालणे, हे मात्र त्याला नक्की जमेल.

तरीही आमच्या मते खरे काम सरकारी कागदाच्या पुढचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाचे उदाहरण घ्या. मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्यानंतर त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. आधी गाव हलले, मग सरकार हलले. हळदीकुंकवाला कुणाला बसवायचे, हे शेवटी ओटी भरणाऱ्या बायाच ठरवतात. नवरा नसलेल्या बाईला बसवता येते, तर या दोघींनाही येते.

फार काही करायला नको. संक्रांतीचे वाण देताना दोघींनाही हाक मारा. बारशाचे बोलावणे एकीला नको, दोघींच्या नावाने धाडा. लग्न कधी करणार, हा प्रश्न एकदा गिळून टाका. त्यांनी विश्वासाने काही सांगितले, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. त्यांच्या गावी ते कळवण्याचा हक्क तुम्हाला नाही. आणि त्या दोघींनाही आमचे सांगणे आहे की, सगळ्या आळीला एका दिवसात सगळे सांगण्याची गरज नाही. आधी एक घर जोडा. गणपतीच्या आरतीला या, कुणाच्या आजारपणात डबा द्या. भातलावणीत एकमेकांच्या वावरात राबून माणसे जोडली जातात, तशीच ती चाळीतही जोडली जातात.

रात्री-अपरात्री दोघींपैकी एकीला ताप भरला, तर दुसरीने कुणाचे दार ठोठवायचे? सिव्हिलमध्ये सोबत कोण जाईल? मागे घराची किल्ली कुणाकडे राहील? याचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही. ‘गाव करी ते राव न करी’ असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. दिल्लीच्या रावाने त्याच्या परीने काही केले, काही राखून ठेवले. ते दार उघडणे मात्र शेजाऱ्याच्या हाती आहे, आणि शेजारी म्हणजे तुम्ही-आम्हीच.