कच्चेपणाचे कौतुक पुरे

बझकॉक्स या पंक बँडच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांविषयी लिहिताना समीक्षकांची लेखणी हमखास एका विशेषणापाशी येऊन थांबते: 'कच्चे'. पोरांना वाजवता येत नव्हते, म्हणून ती प्रामाणिक होती, असा हा न्याय. आमचा त्याला विरोध आहे. या कौतुकात आस्वाद कमी आणि पाठ थोपटणाऱ्याचा मोठेपणा अधिक आहे.

वस्तुस्थिती पाहावी. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली हे इंग्लंडमधील बोल्टनचे विद्यार्थी. ऑक्टोबर १९७६मध्ये त्यांच्या बँडने स्टॉकपोर्टच्या एका स्टुडिओत आपली गाणी मुद्रित केली. कच्चेपणा हेच ध्येय असते, तर तीच फीत बाजारात आणून ते मोकळे झाले असते. तसे त्यांनी केले नाही. २८ डिसेंबरला मँचेस्टरमध्ये मार्टिन हॅनेट या निर्मात्यासह त्यांनी त्यांपैकी चार गाणी नव्याने मुद्रित केली. उसन्या पाचशे पौंडांवर निघालेली 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी जानेवारी १९७७मध्ये आली. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. ऑक्टोबरमध्ये गाणी नुसती धावत सुटतात. डिसेंबरमध्ये कुठे थांबायचे, हे त्यांना कळलेले असते. ढोलांवरचा जॉन माहर तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता, पण त्याचा ठेका ढळत नाही.

'बोअरडम'मधील शेलीचे एकल गिटारवादन तर दोनच स्वरांचे आहे; तेच दोन स्वर पुन्हा पुन्हा येत राहतात. याला असमर्थता म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो: कंटाळ्यावरच्या गाण्यात झगमगीत सुरावट शोभली असती काय? इथे कंटाळ्याचे वर्णन नाही, तो प्रत्यक्ष घडतो. पुढे १९७८मध्ये 'एव्हर फॉलन इन लव्ह'सारखी घाटदार चाल रचणाऱ्याला तिसरा स्वर ठाऊक नव्हता, असे मानणे हास्यास्पद आहे.

या तबकडीत उणिवाही आहेत. डिव्होटोचा तिरकस स्वर चारही गाण्यांवर एकच मुद्रा उमटवतो. 'फ्रेंड्स ऑफ माइन' त्यामुळे फिके पडते. पण जे कच्चे म्हणूनच थोर, त्यात काय फसले हे सांगण्याची सोयच उरत नाही. कच्चेपणाची स्तुती समीक्षेचेच काम बंद पाडते, हा आमचा खरा आक्षेप.

वेष्टनावर या मंडळींनी प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात साधले आणि मागाहून गिटार चढवली की नाही, हे छापले होते. हा कारागिराचा चोख हिशेब आहे. त्यांनी तो आपल्यापुढे ठेवला. आपण तो न वाचताच त्यांना निरागस ठरवून मोकळे झालो.