सत्तर रुपये आणि आपण

गणेशोत्सवाच्या तयारीसाठी येथे भरलेल्या एका बैठकीत, चित्रपटांतील व प्रहसनांतील ‘सवंग’ पालुपदे मुलांच्या कार्यक्रमातून हद्दपार करावीत, असा ठराव एका ज्येष्ठ गृहस्थांनी मांडला व तो संमतही झाला. त्याला आमचा विरोध तेव्हाही होता, आजही आहे.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली पडद्यावर आला. ‘सत्तर रुपये वारले’ हे त्यातील तीन शब्द अद्याप मराठी माणसाच्या तोंडी आहेत. हे सवंग? माणसासाठी राखून ठेवलेले, आदराने उच्चारायचे क्रियापद वसंत सबनीस यांनी बुडालेल्या पैशांना लावले, आणि हसू तेथेच फुटले. रायपुरात वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र वरातीत नवरदेवावरून ओवाळून टाकलेल्या नोटा येतात. कारण हिंदीत ‘वारना’ म्हणजे ओवाळून टाकणे! चारचौघे हसतात म्हणून तेही हसते. ‘हा माझा बायको पार्वती’ त्याला कळते खरे, पण ‘मेरी’चे ‘मेरा’ झालेले कानाला खटकते म्हणून. मराठी विनोदही त्याच्या घरी हिंदीच्या दारातून येतो.

बी. बी. सी.वरील ‘मॉन्टी पायथन’मधले १९६९ सालचे मेलेल्या पोपटाचे प्रहसन असेच. गिऱ्हाईक दुकानदारापुढे ‘मेला’ या एकाच अर्थाच्या वाक्प्रचारांची रास ओतते. इंग्रजी अंगात मुरली असेल त्यालाच त्यातली गंमत लागते.

तेव्हा अपराध पालुपदांचा नव्हे. बदलीच्या गावी कचेरीत, बाजारात हिंदी बोलावी, यात वावगे काही नाही. पण जेवणाच्या पानावरही तीच? माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. मराठी पक्की होती म्हणूनच हिंदीची ती सेवा त्यांच्या हातून घडली. आम्ही मात्र मुलांना नाट्यपदे अर्थावाचून घोकायला लावतो आणि संस्कृती राखल्याचे समाधान मानतो.

बैठक संपल्यावर ठरावकर्त्यांच्या नातवाने विचारले, “आजोबा, वारले मतलब?” आजोबांनी सविस्तर उत्तर दिले, हिंदीत!

ठराव मागे घ्यावा. मुलांना ते प्रहसन खुशाल करू द्यावे; आणि प्रयोगापूर्वी त्यांच्या आईबापांनी ‘वारणे’, ‘निवर्तणे’, ‘खपणे’ यांतला फरक घरी बसून, मराठीत, समजावून सांगावा.