आपल्याच माणसाकडे हिशेब मागायचा नाही का?

जयंती जवळ आली की आमच्या ओळखीतली पोरे रात्र रात्र जागून रॅप लिहितात. आवाज घुमू नये म्हणून खोलीला चादरी लावून रेकॉर्डिंग होते. गाणे गाजते. पण ते दुसऱ्याच कुणाच्या चॅनेलवर चढलेले असते, खाली मंडळाची नावे असतात, जाहिरात देणाऱ्यांची असतात. शब्द ज्याचे त्याचे नाव मात्र नसते. त्याने विचारले तर उत्तर ठरलेले आहे : "आपल्याच माणसांकडे हिशेब मागतोस? गाणे समाजाचे आहे."

आम्हाला हे उत्तर मान्य नाही. का मान्य नाही, हे आम्ही ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या गटाच्या कारकिर्दीवरून सांगू. हिपहॉप घडवणाऱ्या अगदी पहिल्या गटांपैकी हा एक. आणि त्याचे मोठे भांडण परक्या मालकाशी नव्हते, घरच्याच मालकाशी होते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून हार्लेम ओलांडून नदीपलीकडे गेले की दक्षिण ब्रॉन्क्स लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मोझेस या नियोजनकाराने ब्रॉन्क्सच्या पोटातून क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे काढला आणि हजारो कुटुंबे उठवली. मागे उरले ते बहुतेक काळे आणि पोर्तो रिकन गरीब. १९७० च्या दशकात तर काही घरमालकांना भाडेकरूपेक्षा जळालेल्या इमारतीचा विमा फायद्याचा वाटू लागला आणि इमारतीमागून इमारती जळाल्या. त्याच वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत कूल हर्क या जमैकाहून आलेल्या पोराने पार्टीत रेकॉर्डी लावल्या. हिपहॉपचा जन्म म्हणून जी तारीख सांगतात ती हीच.

फ्लॅश म्हणजे जोसेफ सॅडलर. जन्म बार्बाडोसचा, वाढला ब्रॉन्क्समध्ये, शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला. हर्कच्या लक्षात आले होते की गाण्यातला फक्त ढोल वाजणारा तुकडा आला की पोरे बेभान नाचतात. पण तो तुकडा दहा-बारा सेकंदांत संपायचा. फ्लॅशने त्याला कारागिराच्या डोक्याने हात घातला. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी घेतल्या, तुकडा कुठे सुरू होतो तिथे रेकॉर्डवर खडूने घड्याळाच्या काट्यासारखी खूण केली, एक वाजत असताना दुसरी बोटाने नेमकी तेवढे फेरे मागे फिरवली. लोकांना ऐकू न जाता आपल्याला हेडफोनमध्ये आधी ऐकता यावे म्हणून लागणारे बटण स्वतः जोडून बनवले. रेकॉर्डला बोट लावणे म्हणजे त्या काळी पापच. या पोराने दहा सेकंदांचा तुकडा हवा तेवढा लांबवून दाखवला. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. जुन्या सामानातून उभे केलेले हे तंत्रज्ञान आहे, आणि त्याला आम्ही तंत्रज्ञानच म्हणू.

(जाता जाता : रेकॉर्ड खरखरवण्याचे, म्हणजे 'स्क्रॅच'चे श्रेयही अनेकजण फ्लॅशलाच देतात. ते ग्रँड विझर्ड थिओडोर या त्याच्याहून लहान पोराचे आहे. श्रेयाबद्दल लिहायला बसलो आहोत तर एवढे तरी नीट लिहू.)

पण लोक नाचायचे सोडून त्याच्या हातांकडेच बघत उभे राहू लागले, म्हणून माईकवर बोलणारे हवे झाले. काउबॉय, मेली मेल, त्याचा भाऊ किड क्रिओल, स्कॉर्पिओ आणि रहीम असे पाचजण हळूहळू जमले. 'हिपहॉप' हा शब्दच काउबॉयने सैन्यात निघालेल्या मित्राची थट्टा करताना कवायतीच्या चालीवर काढला, असे सांगतात.

१९७९ पर्यंत हे सगळे पार्ट्यांत आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींत होते. त्या वर्षी न्यू जर्सीच्या शुगर हिल रेकॉर्ड्सने 'रॅपर्स डिलाइट' काढले आणि रॅप जगभर गेले. ते गाणारी शुगरहिल गँग ब्रॉन्क्सच्या पार्ट्यांतून आलेली नव्हती, कंपनीने जमवलेली होती. तिच्यातल्या बिग बँक हँकने म्हटलेले शब्द ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या रॅपरच्या वहीतले होते. इतके जसेच्या तसे, की कॅझचे कॅसानोव्हा हे टोपणनावसुद्धा हँकने एकेक अक्षर सुटे करून म्हटले आहे. कॅझला ना श्रेय मिळाले ना पैसा. त्याच गाण्याचा ठेका शिक या बँडच्या 'गुड टाइम्स'वरून घेतलेला होता. शिकचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कोर्टाची धमकी दिली, तेव्हा त्यांची नावे गीतकार म्हणून लागली. एकाच रेकॉर्डवर दोन उचली. ज्याच्यामागे वकील होता त्याचे नाव लागले. ज्याचे नाव गाण्यात उच्चारलेले आहे, त्याचे लागले नाही.

आमच्याकडे शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन' येतो, म्हणून गाणे कुणाचे हे खेड्यातल्या बाईलाही कळते. लोकांच्या स्मरणासाठी ती नाममुद्रा पक्की आहे. कंपनीच्या हिशेबवहीत ती चालत नाही, हे कॅझच्या उदाहरणावरून शिकावे.

फ्लॅश आणि पाचजणही लवकरच शुगर हिलकडे गेले. आता मुद्द्याची गोष्ट. ही कंपनी गोऱ्यांची बडी कंपनी नव्हती. सिल्व्हिया रॉबिन्सन ही काळी बाई, स्वतः गायिका, नवरा ज्यो याच्यासोबत ती चालवत होती. बड्या कंपन्या रॅपला चार दिवसांचा खेळ समजत होत्या, तेव्हा त्यात पैसा घालण्याची हिंमत तिने केली. हे मोठेपण तिला द्यायलाच हवे, आणि ते देऊनच पुढचे बोलले पाहिजे.

१९८२ मध्ये 'द मेसेज' आले. पार्टीची मजा सोडून पडकी वस्ती, कर्ज, तुरुंग, तोल जाऊ पाहणारे डोके यांवर बोलणारे हे गाणे. आज ते अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहाच्या अगदी पहिल्या यादीत आहे. गंमत अशी की गटाला ते नको होते. दिवसभर हेच भोगून आलेला माणूस रात्री पार्टीत हेच कशाला ऐकेल, असे त्यांना वाटत होते. ते लिहिले कंपनीचा वादक एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी याने, आणि मेली मेलने. रेकॉर्डवर आवाज त्या दोघांचे. फ्लॅशचे त्यात एकही वाद्य नाही. तरी नाव गेले ते पूर्ण गटाचे, आणि व्हिडिओत बूटीच्या शब्दांवर रहीम ओठ हलवतो. म्हणजे फ्लॅश नुसता बळी नव्हता, दुसऱ्याच्या कामावर त्याचेही नाव मोठे झाले. आमच्या काही मित्रांना हा भाग सांगितलेला आवडत नाही. पण कागद नसला की कधी आपले जाते आणि कधी दुसऱ्याचे आपल्याकडे येते, आणि दोन्ही वेळा भांडणाचे बी पडते.

गाणे तडाखेबंद खपले. पैसे कुठे गेले, हा प्रश्न आला. १९८३ मध्ये फ्लॅशने ५० लाख डॉलरच्या रॉयल्टीसाठी कंपनीवर दावा लावला. गट फुटला : किड क्रिओल आणि रहीम फ्लॅशसोबत बाहेर पडले, मेली मेल, स्कॉर्पिओ आणि काउबॉय कंपनीकडे राहिले. मग नावावरून ओढाताण सुरू झाली. त्याच वर्षीचे कोकेनविरोधी गाणे 'व्हाइट लाइन्स' निघाले 'ग्रँडमास्टर अँड मेली मेल' या नावाने. फ्लॅश त्यात नव्हता, पण 'ग्रँडमास्टर' वाचून घेणाऱ्याला तो आहे असेच वाटणार. ब्रॉन्क्सच्या बागांत एकत्र उभे राहिलेले सहाजण दोन नावांखाली एकमेकांसमोर उभे राहिले. १९८८ मध्ये पुन्हा एकत्र येऊन त्यांनी एक अल्बम काढला, तो चालला नाही. तोवर रॅप पुढे निघून गेले होते. १९८९ मध्ये काउबॉय गेला. क्रॅक कोकेनच्या व्यसनाने पोखरला होता, वयाची २९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १२ मार्च २००७ रोजी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेला पहिला हिपहॉप गट म्हणून हे नाव पुकारले गेले, तेव्हा तो नव्हता.

"मालक आपला आहे" या वाक्याने त्या गटाला काय दिले? आपला मालक असल्याने दार उघडले, हे खरे. पण दार उघडणे हा उपकार ठरला की हिशेब मागणारा कृतघ्न ठरतो. आमच्या मंडळांत, संस्थांत, चॅनेलांत नेमके हेच चालते. परक्याने बुडवले तर आपण मोर्चा काढतो. आपल्याने बुडवले तर पोराला समाजाची आण घालतो.

आणि कायदा आपल्या बाजूचा आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ म्हणते की हक्क विकून टाकला तरी ही कृती माझी आहे हे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार उरतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला करारानेही लिहून घेता येत नाही. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. त्यांची गाणी वाजवून चॅनेल चालवणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

या जयंतीला आमच्या वस्तीत जे गाणे होईल, त्याच्या रेकॉर्डिंगआधी एक पान लिहायचे ठरवले आहे. शब्द कुणाचे, चाल कुणाची, बीट कुणी बनवला, आवाज कुणाचा, गाणे कोणत्या चॅनेलवर चढणार, आणि पैसे आलेच तर वाटा कसा. खाली सगळ्यांच्या सह्या. पोरांनी सह्या केल्या आहेत. मंडळाच्या अध्यक्षांची सही अजून व्हायची आहे. पान गेल्या आठवड्यापासून त्यांच्याकडे आहे.