औषधनिर्माणशास्त्राचा पूरक वर्ग

संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रुग्णाने ते चुकून रोज घेतले, तर रक्तपेशींची निर्मिती खालावते व प्रसंगी प्राणही जातात. ही सूचना देण्याची शेवटची संधी औषध दुकानातील फार्मासिस्टच्या हाती असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते.

वर्गात एकदा ऐकलेली अशी गोष्ट विद्यार्थ्याच्या मनात पक्की कशी राहावी, हा अध्यापकांपुढील प्रश्न आहे. सातारा, कराड, कासेगाव, आष्टा, सांगली येथे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. माण, खटाव, जत, आटपाडी यांसारख्या तालुक्यांतून रोज ये-जा करणाऱ्याचे कित्येक तास एस.टी.त जातात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मोबाइल हाच वर्ग झाला होता. त्या वेळी जडलेली सवय आता पूरक अध्यापनासाठी वापरता येईल. व्हॉट्सॲपचा गट केवळ सुट्टीच्या सूचनांपुरता ठेवणे हा साधनाचा अपव्यय होय.

पद्धत अगदी साधी असावी. अध्यापकांनी सायंकाळी एकच प्रश्न गटावर द्यावा. उदाहरणार्थ, हायड्रॉक्झिझिन आणि हायड्रालाझिन ही नावे ऐकण्यात सारखी; पहिले खाज व ॲलर्जीवर, दुसरे रक्तदाबावर. चिठ्ठीवरील अक्षर अस्पष्ट असल्यास काय करावे? उत्तर प्रत्येकाने अध्यापकांकडे स्वतंत्रपणे पाठवावे; म्हणजे पहिल्याचे उत्तर पाहून इतरांनी होकार भरण्याचा प्रकार टळतो. उत्तरासोबत पाठ्यपुस्तकाचा किंवा नॅशनल फॉर्म्युलरीचा आधार द्यावा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची चर्चा व्हावी. प्रयोगशाळेतील एखाद्या कृतीची पाच मिनिटांची मराठी चित्रफीत यूट्यूबवर ठेवल्यास मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ती पुन्हा पुन्हा पाहता येते.

आधाराचा हा आग्रह अनाठायी नाही. ज्या पडद्यावर अध्यापकांची टिपणे येतात, त्याच पडद्यावर मधुमेह समूळ बरा करणारे काढेही येतात. दोन्हींचे रूप सारखेच दिसते. पडताळणी केल्याशिवाय काहीही पुढे न पाठवण्याची शिस्त विद्यार्थिदशेतच लागली, तर उद्या दुकानात येणाऱ्या रुग्णालाही तिचा लाभ होईल.

आणखी दोन पथ्ये आवश्यक आहेत. प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याने रुग्णाचे नाव असलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र गटावर टाकू नये. एखाद्याचा आजार ही त्याची खासगी बाब असते. तसेच गटात सामील होताच सदस्याचा दूरध्वनी क्रमांक इतरांनाही दिसू शकतो. म्हणून विद्यार्थिनींची संमती आधी घ्यावी आणि जिला गट नको असेल, तिच्यासाठी तोच मजकूर सूचनाफलकावर लावावा.

अखेरीस, पदविका अभ्यासक्रमात ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण ठेवलेले आहे. त्याची जागा कोणतीही चित्रफीत घेऊ शकत नाही. घाबरलेल्या वृद्ध रुग्णाला ‘ही गोळी फक्त सोमवारीच घ्या’ असे समजावून सांगणे आणि त्याला ते समजले की नाही हे त्याच्याच तोंडून वदवून घेणे, हे समोरासमोरच शिकता येते. मुलाच्या हाती सदैव मोबाइल दिसतो म्हणून रागावण्याऐवजी पालकांनी ‘आजचा प्रश्न कोणता होता?’ एवढे विचारावे. घरातील औषधांची माहिती त्याच्याकडून समजून घेतली, तर त्याची उजळणी होईल आणि घराचीही सोय होईल.