अतिवेगवान रेल्वे : अग्रक्रम कुणाचा?

१४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमती येथे जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचे भूमिपूजन झाले. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरच्या सकाळी, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकातील अरुंद पादचारी पुलावर पावसाने अडकलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन किमान २२ माणसे प्राणास मुकली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही आणि योगायोगावर युक्तिवाद उभारणे हे सवंगपणाचे लक्षण आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्यानंतर जे घडले त्याकडे मात्र लक्ष वेधणे भाग आहे. त्या ठिकाणी नवा पूल बांधण्यासाठी लष्कराला पाचारण करण्यात आले आणि पाच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तो पूल लोकांसाठी खुलाही झाला. म्हणजे पूल बांधणे अवघड नव्हते. तो बांधण्याची निकड, माणसे मरेपर्यंत, कुणाला वाटली नव्हती एवढेच.

अतिवेगवान रेल्वेच्या प्रश्नाचा विचार याच अंगाने व्हावा असे आम्हांस वाटते. आपल्या बाजूचे अनेक जण या प्रकल्पाला विरोध करताना एक सोपा हिशेब मांडतात : मूळ अंदाजानुसार या ५०८ किलोमीटरच्या मार्गाला १ लाख ८ हजार कोटी रुपये लागणार, तेवढे पैसे लोकलला द्या. हिशेब ऐकायला बरा आहे, पण तो खरा नाही. या खर्चापैकी सुमारे ८१ टक्के रक्कम जपानच्या कर्जातून यावयाची होती. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे, पहिली १५ वर्षे परतफेड नाही. हे कर्ज याच कामासाठी, याच तंत्रज्ञानासाठी मिळालेले आहे. प्रकल्प रद्द केला तर ते पैसे कल्याण-कसाऱ्याच्या प्रवाशाकडे वळणार नाहीत, ते मिळणारच नाहीत. (कर्ज येनमध्ये आहे आणि ते आपली नातवंडे फेडणार आहेत. पन्नास वर्षांत येनचा भाव काय होईल हे आज छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो स्वस्ताईचे भाकीत करो की महागाईचे.) केंद्राचे १० हजार कोटी आणि महाराष्ट्र व गुजरात यांचे प्रत्येकी ५ हजार कोटी हा मात्र आपला स्वतःचा पैसा आहे आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. तरीही आमचा मुख्य आक्षेप पैशाविषयीचा नाही.

वेगालाही आमचा विरोध नाही. समाजवाद्यांनी बैलगाडीची भलावण करावी अशी अपेक्षा आमचे टीकाकार करतात; ती आम्ही पुरी करू शकत नाही. जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका हा ५१५ किलोमीटरचा मार्ग सुरू केला तेव्हा त्याला सबळ कारण होते. जुन्या तोकाइदो मार्गावर देशाच्या एकूण रेल्वे वाहतुकीचा जवळपास चौथा हिस्सा एकवटला होता आणि त्या अरुंद रुळांवर आणखी गाडी घालायला जागा उरली नव्हती. नवा मार्ग प्रथमतः बांधला गेला तो गर्दीला वाट देण्यासाठी. वेग हा त्याचा गुण, प्रयोजन नव्हे. त्यासाठी जागतिक बँकेचे ८ कोटी डॉलरचे कर्जही घेतले गेले आणि तो मार्ग फायद्यात चालला. पण पुढची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पहिला मार्ग जिथे माणसे होती तिथे गेला. नंतरचे काही मार्ग जिथे पुढारी होते तिथे गेले. १९८२ साली सुरू झालेला निइगाताचा मार्ग हा त्या प्रांताचे वजनदार नेते काकुएइ तानाका यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. जपानची राष्ट्रीय रेल्वे १९६४ सालापासूनच तोट्यात गेली होती. त्या तोट्याची कारणे अनेक असली तरी अशा बांधकामांच्या कर्जाचे ओझे त्यात मिळाले आणि १९८७ मध्ये सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज मागे ठेवून ती मोडीत निघाली. तिचे तुकडे झाले, खाजगीकरण झाले.

फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस-लियाँ मार्ग सुरू केला तो वेगळ्या शहाणपणाने. त्यांच्या नव्या रुळांची आणि जुन्या रुळांची रुंदी एकच होती. त्यामुळे वेगवान गाडी नवा मार्ग संपल्यावर जुन्या मार्गावर उतरत असे आणि सावकाश का होईना पुढच्या गावांपर्यंत जात असे. मार्सेयपर्यंत वेगवान मार्ग पोचला २००१ साली, पण लियाँच्या मार्गाचा थोडा लाभ तिथल्या प्रवाशाला त्यापूर्वीच वीस वर्षे मिळत होता. आपल्याकडे जुने रूळ १,६७६ मिलिमीटरचे आणि हे नवे १,४३५ मिलिमीटरचे. अहमदाबादहून निघालेली गाडी वांद्रे-कुर्ला संकुलातील भुयारी स्थानकात येऊन थांबेल. तिला ना नाशिककडे वळता येणार, ना रत्नागिरीकडे. ज्यांना या दोन शहरांत व वाटेवरच्या दहा स्थानकांतच काम आहे, त्यांच्याकरता हा मार्ग आहे. २०१८ साली प्रकल्प राबवणाऱ्या कंपनीने मुंबई-अहमदाबाद भाडे ३ हजार रुपयांच्या घरात सांगितले होते; आज जनरल डब्यातून हाच प्रवास सुमारे २०० रुपयांत होतो. विमानाने जाणारा माणूस रेल्वेकडे परत येईल, तेल वाचेल, हा समर्थकांचा मुद्दा खोटा नाही. पण तो विमानाने जाणाऱ्याविषयीचा मुद्दा आहे.

आता जिथून हा मार्ग जातो त्या पालघर जिल्ह्यात येऊ. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत पश्चिम रेल्वेचे दोनच रूळ आहेत. दिल्लीकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि एप्रिल २०१३ पासून सुरू झालेल्या डहाणू लोकल ही सारी वाहतूक त्या दोन रुळांवर चालते. मागून लांब पल्ल्याची गाडी येत असली की लोकलने थांबायचे. सफाळे, केळवे रोड, वाणगाव येथून पहाटे कामावर निघणारा मजूर, बोईसरच्या कारखान्यांत पाळीला जाणारा कामगार, टोपल्या घेऊन मुंबईचा बाजार गाठणाऱ्या स्त्रिया यांच्या दिवसाचा हिशेब या थांबण्यावर ठरतो. दहा मिनिटे उशीर झाला तर मुकादम अर्धा दिवस कापतो. या ६४ किलोमीटरच्या मार्गाचे चौपदरीकरण डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे अतिवेगवान रेल्वेच्या भूमिपूजनाच्या आधी, मंजूर झाले. त्याचा अंदाजित खर्च होता साडेतीन हजार कोटींच्या आसपास. २०२५ साल संपले तेव्हाही ते काम पुरे झाले नव्हते. तोकाइदोचा दाखला द्यायचा तर तो इथे लागू पडतो. भरून वाहणारा मार्ग हा आहे.

ठाणे ते दिवा या नऊ-साडेनऊ किलोमीटरच्या पाचव्या व सहाव्या मार्गिकेची कथा याहून वेगळी नाही. २००८ मध्ये मंजुरी, फेब्रुवारी २०२२ मध्ये गाड्या सुरू. त्याच टापूत, मुंब्र्याजवळ, ९ जून २०२५ रोजी दारात लटकणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. मुंबईच्या उपनगरी रुळांवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी गाडीतून पडून. अतिवेगवान रेल्वेने आरंभी दोन्ही दिशांनी मिळून रोज सुमारे ३६ हजार माणसे प्रवास करतील असा प्रकल्पाचा अंदाज होता. महासाथीपूर्वी मुंबईच्या लोकलने रोज सुमारे ७५ लाख माणसे प्रवास करीत होती.

आणि ज्यांच्याकडे तिकीट काढण्याचा प्रश्नच नाही त्यांचे काय? पालघरच्या आदिवासी गावांनी ग्रामसभांतून ठराव करून या मार्गाला विरोध केला होता. त्याच पट्ट्यातून मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग जातो, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो, आणि २०२४ मध्ये मंजूर झालेले वाढवण बंदर तिथल्याच किनाऱ्यावर येते. एका कुटुंबाच्या दाराशी मोजणीची माणसे तीन-तीनदा यावीत असा हा भूगोल आहे. जमिनीचा मोबदला चांगला दिला असे सांगितले जाते. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या बाबतीत ते बरेचसे खरे असेल. पण जो वहिवाटीने कसतो, ज्याचा वनपट्ट्याचा दावा वर्षानुवर्षे कचेरीत पडून आहे, ज्याचे घर दुसऱ्याच्या जागेवर आहे, त्याचे नाव कोणत्या कागदावर येणार? विक्रोळीतील एका बड्या उद्योगसमूहाच्या जमिनीसाठी २६४ कोटींचा मोबदला ठरला, तो मान्य नाही म्हणून उद्योगसमूह उच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ते प्रकरण चालले. न्याय मागण्याचा तो त्यांचा हक्कच होता. वाडा-तलासरीच्या वारल्याकडेही तोच हक्क कायद्याने आहे. वकिलाची फी आणि तारखांना जाण्यासाठी बुडवायची मजुरी तेवढी त्याच्याकडे नाही. ज्या मातीत गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, तिथल्या लोकांना जमीन म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नाही. जानेवारी २०२४ मध्ये संपूर्ण मार्गाची सुमारे १,३८९ हेक्टर जमीन ताब्यात आल्याचे जाहीर झाले.

तेव्हा अतिवेगवान रेल्वेला नेमके काय मिळाले ते पाहावे. पैसा तर मिळालाच. पण २०१६ मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र कंपनी, सर्वोच्च पातळीवरून होणारा आढावा, जमिनीसाठी धावणारी जिल्हा यंत्रणा, परवानग्यांसाठी उघडणारी दारे हेही तिला मिळाले. एवढे असूनही तिची वेळ २०२२ वरून सरकत गेली आणि सुरत-बिलीमोरा या पहिल्या टप्प्यासाठी ऑगस्ट २०२७ ही तारीख देण्यात आली, ही गोष्ट निराळी. यातले काहीही विरार-डहाणूला मिळाले नाही. बीडला मिळाले नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. निम्मा खर्च राज्याने उचलायचा असूनही बीडला पहिली गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे! त्या अवधीत ऊसतोडीला गेलेल्या मुलांची मुले कोयता घेऊन निघाली.

साध्या रेल्वेला असा अग्रक्रम देताच येत नाही, असे कुणी म्हणू नये. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ निघाले, रोख्यांतून पैसा उभा राहिला, आणि सह्याद्रीच्या कुशीतून ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वाने सुरू झाला. त्याआधी, १९७७ मध्ये, दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या शायिकांच्या लाकडी फळ्यांवर गादी आली आणि त्या वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस वर्गभेदाविना धावू लागली. पहिल्या वर्गाला खाली खेचण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर उचलावे, ही त्यामागची दृष्टी होती. ती दृष्टी असलेला मंत्री होता आणि त्याला दरवर्षी प्रश्न विचारणारी संसदही होती. १९२४ पासून स्वतंत्रपणे मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्प २०१७ साली सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन करण्यात आला. त्या चर्चेत खासदार आपापल्या भागातील थांब्यासाठी, शटलसाठी, एका फलाटाच्या छपरासाठी भांडत. पुष्कळदा ते हास्यास्पदही वाटे. आता ते भांडण करायला तो दिवसच उरलेला नाही.

मुंबई-अहमदाबाद मार्गाचे खांब उभे राहिले आहेत. ते पाडा असे म्हणण्यात अर्थ नाही, आणि गुजरातेत काम करणारा मजूरही आपलाच आहे. परंतु मुंबई-नागपूर आणि मुंबई-हैदराबाद अशा आणखी अतिवेगवान मार्गांचे आराखडे तयार होत आले आहेत. त्यांपैकी एकालाही संमती देण्यापूर्वी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आणि खासदारांनी एक अट घालावी. ज्या पट्ट्यातून नवा मार्ग जाणार, त्या पट्ट्यातील साध्या रेल्वेच्या मंजूर कामांना तीच स्वतंत्र यंत्रणा, तोच मासिक आढावा आणि राज्याच्या तिजोरीतून निदान तेवढाच वाटा मिळाला पाहिजे; आणि ती कामे आधी पुरी झाली पाहिजेत. वनपट्ट्यांचे दावे मोजणीच्या आधी निकाली निघाले पाहिजेत. या अटीचा आरंभ पालघरपासून करता येईल. राज्याने अतिवेगवान रेल्वेसाठी ५ हजार कोटींचा वाटा कबूल केला आहे. विरार-डहाणूच्या तिसऱ्या व चौथ्या रुळावरून पहिली लोकल कोणत्या तारखेला सुटेल, हे रेल्वेने लेखी कळवावे, असे त्या वाट्याचा पुढचा हप्ता देण्यापूर्वी राज्य सरकारने विचारावे.