कच्ची वही

आमचा नातू पॅटन रणगाड्याचं मॉडेल बनवतोय, १:३५ प्रमाणात. खरा साडेतीन मीटर रुंद, हा जेमतेम १० सेंटिमीटर! १९६५ च्या युद्धात असल उत्तरला आपल्या सैन्याने असेच पॅटन निकामी केले होते.

रोज रात्री तो मित्रांना फोटो पाठवतो. चाकावर ओघळलेला गोंद, उलटा बसलेला साखळीपट्टा... मी म्हटलं, अरे, पूर्ण झाल्यावर दाखव की! पण त्या उलट्या पट्ट्यावर तिघांनी उपाय सुचवले. दाखवायचं ते हेच, असं आता माझं मत झालंय.

मी मात्र जन्मभर पक्क्या वह्या तपासल्या. खाडाखोड दिसली की ओरडायचो. एक मुलगी तर माझी चाहूल लागताच वहीवर हात ठेवायची.

काल नातवाला म्हटलं, मलाही पाठवत जा. आज फोटो आलाय. तोफेची नळी वाकडी आहे.