अंगणातली बाग : अननसाच्या घराण्यातली रंगीत पाहुणी

पावसाळा सरला, की कर्जत-खालापूरकडच्या अंगणांतला तेरडा सुकतो आणि बाग फिकी पडते. अशा दिवसांत रंग हवा असेल, तर ब्रोमेलियाड लावून पाहा. नाव परकं वाटेल, पण आपला अननस याच घराण्यातला.

ग्वुझमानियाचा लाल-केशरी तुरा दोन-तीन महिने टिकतो, तर निओरेजेलियाची पानंच मधोमध लाल होतात. कुंडीत चिकट माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडं पालापाचोळ्याचं खत पुरे. कुंडी आंब्याच्या विरळ सावलीत ठेवा, फार गारठा पडला तर ओसरीवर घ्या. झाडांवर मोरचूद फवारताना मात्र ती दूर हलवा. तांबं या रोपांना मारक असतं.

पानांच्या मधल्या पेल्यात पाणी साठतं, आणि खरी काळजी तिथंच घ्यायची. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून दर जुम्म्याला कुंडी तिरकी करून पेला रिकामा करा आणि ताजं पाणी भरा. जुनं पाणी कोरड्या मातीत ओता. अळ्या मरतील, पाणीही वाया जाणार नाही.

हे झाड एकदाच फुलतं. तुरा वाळला, की बऱ्याच भगिनी ते उपटून टाकतात. तसं करू नका. बुंध्याशी पिल्लं फुटतात. ती आईच्या निम्म्या उंचीची झाली, की वेगळी लावा. एक आपल्याला ठेवा, एक शेजारणीला द्या. शेजाऱ्याचा हक्क बागेवरही असतोच.